पैसा आधी हलणाऱ्या टोकांना

ऑगस्ट १९६३. लंडनच्या पश्चिमेला फेल्टम इथे राहणाऱ्या सोळा वर्षांच्या ब्रायन मेला इलेक्ट्रिक गिटार हवी होती. फेंडर किंवा गिब्सनची गिटार घेणं घरच्या ऐपतीबाहेरचं होतं. वडील हॅरल्ड यांना इलेक्ट्रॉनिक्सची चांगली जाण होती आणि हाताला हत्यारांची सवय होती. बापलेकांनी गिटार घरीच करायला घेतली. शंभरेक वर्षं जुन्या शेकोटीच्या महोगनी चौकटीतून नेक निघाली. तारांचा ताण तोलून धरायला जुन्या मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा आल्या. फ्रेटबोर्डवरचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या गुंड्यांपासून झाले. काम जवळजवळ दोन वर्षं चाललं. क्वीन या बँडच्या गाण्यांतून पुढे जगभर ऐकली गेलेली ‘रेड स्पेशल’ ती हीच.

या गोष्टीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग सहसा कोणी सांगत नाही. तारेचं हलणं विजेत बदलणारे पिकअपही मेने आधी घरीच गुंडाळले होते. कॉर्ड वाजवताना ते बरे वाजत, पण तार बोटाने खेचून सूर वर चढवला की आवाजात खरखर येई. तेव्हा त्याने पैसे बाहेर काढले आणि बर्न्स कंपनीचे ‘ट्राय-सॉनिक’ पिकअप विकत आणले. म्हणजे आधी अडचण नेमकी कळली, मग ती आपल्या हाताने सुटत नाही हे कळलं, आणि मग खरेदी झाली. बहुतेकांच्या हातून हा क्रम उलटा होतो. दिवाळीचा बोनस किंवा एखाद्या कामाचे जास्तीचे पैसे हातात येतात, मग काय घ्यावं याचा शोध सुरू होतो, आणि घेतलेल्या वस्तूने कोणती अडचण सुटायला हवी होती हे शेवटपर्यंत ठरलेलं नसतं.

हा क्रम सुलट करायचा तर गिटारचा आवाज तयार कसा होतो ते आधी पाहावं लागेल. पिक किंवा बोट तारेला छेडतं. पोलादी तार पिकअपच्या चुंबकीय क्षेत्रात हलते, आणि चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे जे हजारो वेढे असतात त्यांत क्षीण वीज निर्माण होते. ती गिटारवरच्या व्हॉल्यूम आणि टोनच्या नॉबमधून केबलमध्ये, केबलमधून पेडलांत, पेडलांतून अ‍ॅम्पमध्ये जाते आणि अखेर स्पीकरच्या कागदी कोनाला ढकलते. कोन हवा ढकलतो आणि आपल्याला ऐकू येतं.

या सगळ्या साखळीत खरोखर हलणाऱ्या गोष्टी दोनच आहेत. एका टोकाला तार, दुसऱ्या टोकाला स्पीकरचा कोन. मधला प्रवास विजेचा. विजेच्या भागाची नक्कल करणं सोपं असतं, कारण तेच मूल्य असलेले रेझिस्टर, कपॅसिटर आणि चिप कोणालाही मिळतात. हलणाऱ्या वस्तूंचं तसं नाही. त्यांचं वजन, ताण, लवचीकपणा, झीज, सगळ्यांचा आवाजावर थेट परिणाम होतो आणि एका नगाचा गुण दुसऱ्यात जसाच्या तसा उतरत नाही. म्हणून शिल्लक पैसा आधी दोन्ही हलणाऱ्या टोकांना घालावा आणि मधल्या भागाकडे त्यानंतर वळावं, असं माझं ठाम मत आहे. दुकानाची काचेची कपाटं मात्र मधल्याच वस्तूंनी भरलेली असतात, कारण त्या लहान, रंगीत आणि एकावर एक घेत राहण्याजोग्या असतात.

तारेपासून सुरुवात करू. १९६५ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यात सतरा वर्षांच्या टोनी आयोमी या गिटारवादकाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्रात गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं केली. तरी त्या काळच्या जाड तारा दाबणं आणि खेचणं त्याला जमेना, आणि हलक्या तारांचे संच सहज मिळत नव्हते. त्याने गिटारला बँजोच्या बारीक तारा लावल्या. पुढे ब्लॅक सॅबथ या बँडच्या १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ या अल्बममध्ये त्याने काही गाण्यांसाठी गिटार तीन सेमीटोन खाली उतरवली. तारेचा ताण तिच्या कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. तीन सेमीटोन उतरवले की तो साधारण २९ टक्क्यांनी कमी होतो. बोटांना आराम मिळावा म्हणून उतरवलेला तो जड, खोल आवाज पुढे हेवी मेटल या अख्ख्या संगीतप्रकाराची ओळख झाला.

हेच गणित तुमच्या गिटारलाही लागू पडतं. तारांचे संच त्यांतल्या सर्वांत बारीक तारेच्या जाडीवरून ओळखतात. नऊ गेज म्हणजे इंचाचे नऊ हजारांश, दहा गेज म्हणजे दहा हजारांश. फरक केसाएवढा दिसतो, पण ताण जाडीच्या वर्गाने वाढतो. तारेची वाजणारी लांबी साडेपंचवीस इंच असलेल्या फेंडरच्या गिटारवर दहा गेजची पहिली तार सुमारे ७.३ किलो ताण धरते आणि नऊ गेजची सुमारे ५.९ किलो. म्हणजे जवळजवळ पाव हिश्श्याचा फरक, आणि तोही काही शे रुपयांत मिळणाऱ्या वस्तूत. गिब्सनच्या बऱ्याच गिटारी पावणेपंचवीस इंची असतात; तिथे त्याच तारेचा ताण आणखी सहा टक्के कमी. तेव्हा ‘ही गिटार मऊ आहे’ आणि ‘ती कडक आहे’ असं म्हणत कोणी नवी गिटार घ्यायला निघाला असेल, तर त्याने आधी तारांचे दोन वेगळे संच लावून पाहावेत. गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन तेरा गेजच्या तारा वाजवत असे हे ऐकून त्याच तारा आणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं की तो गिटार अर्धा सूर उतरवून लावत असे, आणि त्याने ताण ११ टक्के उतरतो.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत, घामाच्या हातांनी वाजवलेल्या तारा फार लवकर गंजतात. गंजलेली तार नुसती काळी पडत नाही. तिच्या लांबीभर वजन सारखं राहत नाही, त्यामुळे वरच्या फ्रेटवर सूर चुकतात आणि ट्यूनर कितीही चांगला असला तरी गिटार लागत नाही. नव्वदच्या दशकात डब्ल्यू. एल. गोर या कंपनीने ‘एलिक्सर’ नावाने प्लॅस्टिकसारख्या पातळ थराचं वेष्टन असलेल्या तारा आणल्या. गोर-टेक्स हे पावसाळी कापड करणारी तीच ही कंपनी. अशा तारा साध्या तारांच्या दुप्पट-तिप्पट किमतीच्या असतात; कोरड्या पुण्यात किंवा नागपुरात त्या चैनीच्या ठरतील, पण रत्नागिरीत किंवा पणजीत मी त्यांना गरजच म्हणेन.

तारांहूनही मोठा फरक सेटअपने पडतो, आणि माझ्या मते शिल्लक पैशाचा यापेक्षा चांगला उपयोग नाही. बाराव्या फ्रेटवर तार किती उंच आहे (साधारण दीड ते दोन मिलिमीटर असावी), ट्रस रॉड फिरवून नेकला किती बाक दिला आहे, ब्रिजवरची प्रत्येक तारेची लांबी बाराव्या फ्रेटचा सूर बरोबर यावा अशी लावली आहे का, हे सगळं सेटअपमध्ये येतं. यांत सर्वांत दुर्लक्षित जागा नटची. नट म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांमधून जातात ती पट्टी. स्वस्त गिटार कारखान्यातून निघते तेव्हा या खाचा बहुधा उथळ ठेवलेल्या असतात, कारण खाच जास्त खोल गेली तर तार फ्रेटवर आपटून खडखडते आणि नग परत येतो. उथळ खाचेमुळे तार पहिल्या फ्रेटवर खूप उंच राहते. ती दाबायला जोर लागतो, आणि दाबताना ती ताणली जाऊन सूर चढतो. शिकणारी मुलं एफ कॉर्डपाशी येऊन महिनोन्‌महिने अडकतात आणि स्वतःच्या बोटांना दोष देतात. त्यांतल्या कितीतरी जणांच्या गिटारची नुसती नट घासून दिली असती तर तो कॉर्ड लागला असता. याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्यांतली काही मुलं तिथेच गिटार सोडतात.

तंतुवाद्यांच्या जाणकार मराठी माणसाला हे पटवून द्यावं लागू नये. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी लावतात तेव्हा घोडीच्या पृष्ठभागावरून कणभर भाग घासतात आणि त्याच भोपळ्यातून, त्याच तारांमधून निराळा स्वर बाहेर येतो. लाकूड बदललेलं नसतं, तार बदललेली नसते. तार जिथे टेकते ती जागा बदललेली असते. गिटारमध्ये नट, फ्रेट आणि ब्रिज या तशा जागा आहेत. आपल्या शहरात हे काम नीट करणारा कारागीर शोधा, त्याच्याकडे बसून पाहा आणि जमल्यास शिकून घ्या. ट्रस रॉडची किल्ली, मिलिमीटरच्या खुणांची बारीक पट्टी आणि फीलर गेज एवढ्यावर बरंचसं काम घरी होतं. नटच्या खाचा घासायच्या कानशी मात्र महाग असतात आणि चूक दुरुस्त होत नाही. ते काम कारागिराकडेच द्यावं.

अकूस्टिक गिटारला अ‍ॅम्प नसतो, पण तिथेही हलणारी टोकं दोनच: तार आणि वरची फळी. फळी हाच तिचा स्पीकर. एकोणिसाव्या शतकात आजच्या स्पॅनिश गिटारला घाट देणारे अंतोनियो दे तोर्रेस यांनी १८६२ मध्ये हे सिद्ध करायला एक गिटार बनवली. वरची फळी नेहमीसारखी उत्तम स्प्रूसची, पाठ आणि बाजू मात्र कागदाच्या लगद्याच्या. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी हाच प्रश्न नव्याने तपासला. रॉजर बकनॉल या वाद्यनिर्मात्याने सहा गिटारी केल्या, सगळं सारखं, फक्त पाठीचं आणि बाजूंचं लाकूड वेगळं: ब्राझिलियन रोजवूड, इंडियन रोजवूड, महोगनी, मेपल, सापेली, अक्रोड. बावन्न वादकांनी अंधुक उजेडात, रंग कळू नये अशा तऱ्हेने त्या वाजवल्या. आवाजाच्या पसंतीत त्यांना ठळक फरक करता आला नाही.

यातलं इंडियन रोजवूड म्हणजे आपलं शिसवी लाकूड. आजीच्या घरातला पलंग ज्या लाकडाचा, त्याच लाकडाच्या पाठी जगातल्या नावाजलेल्या गिटारींना असतात. ब्राझिलियन रोजवूडचा व्यापार १९९२ पासून आंतरराष्ट्रीय कराराने जवळजवळ बंद झाला, २०१७ मध्ये शिसवाच्या सगळ्याच जातींवर कागदपत्रांचं बंधन आलं, आणि २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. शिसवाच्या सौंदर्यासाठी पैसे द्यायला माझी काहीच हरकत नाही. पण थोड्या पैशांत अकूस्टिक गिटार बदलायची असेल तर पाठीकडे पाहू नका, वरची फळी प्लायची आहे की एकसंध लाकडाची आहे ते विचारा. ऐकू येणारा फरक तिथे आहे. आणि एकसंध फळीची गिटार घेतलीत तर काहीशे रुपयांचा आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर सोबत घ्या. गिटार ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेत सुखी असते. कोकणातल्या आषाढात फळी फुगून तारा उंच होतात, विदर्भातल्या वैशाखात नेक आकसून फ्रेटची टोकं बोटाला लागतात. पेटीत सिलिका जेल ठेवायचं की ओलावा देणारी डबी, हे मीटर सांगतो.

आता दुसरं टोक. स्पीकरने काय घडतं याचे पुरावे फार नाट्यमय आहेत. १९५८ मध्ये लिंक रे या अमेरिकन वादकाने ‘रंबल’ नावाच्या धुनीसाठी आपल्या अ‍ॅम्पच्या स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडली. तीत एक शब्दही नसताना काही रेडिओ केंद्रांनी ती लावायला नकार दिला, इतका तो आवाज दांडगा वाटला. १९६४ मध्ये लंडनच्या किंक्स या बँडच्या डेव्ह डेव्हिसने छोट्या एल्पिको अ‍ॅम्पच्या स्पीकरचा कोन ब्लेडने चिरला. आणि क्वीनच्या जॉन डीकनने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कचऱ्याच्या डब्यात सापडलेलं एक सर्किट छोट्या स्पीकरच्या खोक्यात बसवून बॅटरीवर चालणारा अ‍ॅम्प केला. क्वीनच्या १९७५ च्या ‘गुड कंपनी’ या गाण्यात क्लॅरिनेट आणि ट्रॉम्बोनसारखे वाटणारे आवाज ब्रायन मेने त्याच अ‍ॅम्पमधून गिटारने काढले आहेत.

कारण सरळ आहे. गिटारचा बारा इंची स्पीकर पाच किलोहर्ट्‌झच्या वरचे स्वर फारसे बाहेर सोडत नाही. डिस्टॉर्शनमध्ये तयार होणारी सगळी कर्कश वरची खरखर तो गाळून टाकतो. म्हणूनच डिस्टॉर्शनचं पेडल थेट घरच्या म्युझिक सिस्टिमला जोडलं की कान फाटतात आणि अ‍ॅम्पला जोडलं की गोड वाटतं. प्रत्येक स्पीकर काय गाळतो आणि काय पुढे काढतो ते वेगळं असतं. तुमच्याकडे ठीकठाक अ‍ॅम्प असेल आणि त्याचा आवाज पुठ्ठ्यासारखा बंद वाटत असेल, तर नवा अ‍ॅम्प घेण्याआधी स्पीकर बदलून पाहा. स्क्रू चार किंवा आठ, वायरी दोन. फक्त ओहम जुळले पाहिजेत आणि स्पीकरची वॅटक्षमता अ‍ॅम्पपेक्षा कमी असता कामा नये.

वॅटबद्दल तर फारच गैरसमज आहेत. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे जेमतेम जाणवेल इतका. कानाला आवाज दुप्पट वाटायला वॅट साधारण दहापट लागतात. त्यामुळे ५० वॅटऐवजी १०० वॅटचा अ‍ॅम्प घेऊन मिळतं ते थोडं, आणि वजन वाढतं ते पुष्कळ. उलट स्पीकरची संवेदनशीलता पाहा. सेलेस्चन कंपनीचा ‘ग्रीनबॅक’ एका वॅटला ९८ डेसिबल देतो, त्याच कंपनीचा ‘व्हिंटेज ३०’ देतो १००. या दोन डेसिबलसाठी अ‍ॅम्पला सुमारे दीडपट वॅट लागले असते. खोक्याच्या मागे छापलेला वॅटचा आकडा आणि किंमत यांचं नातं आवाजाशी फारसं नाही.

आणि खरं सांगायचं तर, भिंतीला भिंत लागून असलेल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला ५० वॅटसुद्धा कधी वापरता येणार नाहीत. कमी आवाजात आपल्या कानाला खर्जातले आणि टिपेचे स्वर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलं. म्हणून रात्री हळू आवाजात लावलेले बास-ट्रेबल स्टेजवर गेल्यावर ढोल आणि किरकिर होऊन बसतात. घरीच वाजवणाऱ्यासाठी मी आज निःशंकपणे ऑडिओ इंटरफेस आणि चांगला हेडफोन सुचवेन. स्पीकर आणि त्याचं खोकं यांचा प्रतिसाद आता काही मिलिसेकंदांच्या नमुन्यात पकडता येतो. संगणक तो नमुना तुमच्या गिटारला लावतो. अ‍ॅम्पचंही तसंच. ‘न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर’ हा प्रोग्रॅम तर फुकट आहे आणि त्याचा कोडही खुला आहे. म्हणजे दुसरं टोक बदलून पाहायला जिथे स्पीकर विकत आणावा लागे, तिथे आता दहा खोक्यांचे नमुने एका संध्याकाळी ऐकता येतात. कोणता आवाज आपल्याला आवडतो हे फुकटात कळल्यावर मग त्या आवाजाचा खरा स्पीकर घ्यावा.

अ‍ॅम्पवर खर्च करण्याआधी एक खर्च सक्तीचा आहे: ज्या सॉकेटला तो लावणार त्याचं अर्थिंग. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा ब्रिजमधून, केबलच्या जाळीतून, अ‍ॅम्पच्या धातूच्या खोक्याशी जोडलेल्या असतात. तारेला हात लावल्यावर गुणगुण कमी होते ती त्यामुळेच. अर्थिंग तुटलेलं असेल आणि अ‍ॅम्पमध्ये दोष असेल, तर तीच वीज तारेवर येते, आणि ओठ माइकला लागले की ती माणसातून वाट काढते. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वॉन्सीत स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी भरल्या सभागृहात माइकला हात लावताच विजेच्या धक्क्याने गेला. आपल्या जुन्या इमारतींत, मंडपांत आणि शाळांच्या सभागृहांत तीन पिनांच्या सॉकेटमधलं मोठं छिद्र कित्येकदा कशालाच जोडलेलं नसतं. इलेक्ट्रिशियनला बोलावून ते तपासून घ्या, आणि तालमीच्या जागी नेण्यासाठी सॉकेट तपासणारा प्लग गिटारच्या बॅगेत ठेवा. अमेरिकेतून भाऊ किंवा मावशी अ‍ॅम्प आणणार असेल तर तो १२० व्होल्टचा आहे का ते आधी विचारा. मागे व्होल्टेज बदलायचा स्विच नसेल तर इथल्या २३० व्होल्टला तो थेट लावता येणार नाही. त्याला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल आणि त्याची किंमत हिशेबात धरावी लागेल.

मधल्या भागाबद्दल आता थोडंसं. केबलने आवाज बदलतो हे खरं आहे, पण महागपणाने नाही, लांबीने. साध्या केबलची विद्युतधारिता मीटरला शंभरेक पिकोफॅरड असते. फेंडर पद्धतीच्या पिकअपसोबत सहा मीटरची केबल आवाजातला चमकदार उंचवटा साधारण ४.१ किलोहर्ट्‌झवर आणते. बारा मीटरची केबल तोच २.९ वर ओढते आणि आवाज मंद होतो. म्हणून गरजेपुरती लहान, मजबूत जॅकची केबल घ्या. सोन्याचा मुलामा असलेल्या केबलीवर घातलेले पैसे मला वाया गेलेले वाटतात.

पेडलांत काय चालतं याचं उदाहरण म्हणजे ‘क्लॉन सेंटॉर’. बिल फिनेगन यांनी १९९४ पासून हाताने जोडलेल्या सुमारे ८,००० पेट्या. सर्किट दिसू नये म्हणून आत रेझिन ओतलेलं. उत्पादन थांबल्यावर जुन्या पेट्या हजारो डॉलरना जाऊ लागल्या. पुढे हौशी मंडळींनी रेझिन खरवडून सर्किट उलगडलं आणि त्याच आराखड्याची पेडलं मूळ किमतीच्या छोट्याशा अंशात बाजारात आली. आयबनेझच्या ‘ट्यूब स्क्रीमर’ची ख्यातकीर्त चिप जेआरसी ४५५८ तर कितीतरी घरगुती ऑडिओ यंत्रांत असते. फिनेगन यांच्या कारागिरीबद्दल मला आदर आहे. पण विजेचा भाग कॉपी होतो हे सुरुवातीचं विधान इथे स्पष्ट दिसतं. मधल्या भागासाठी स्वस्त वस्तू बिनधोक घ्याव्यात. पहिलं ट्यूनर, मग एखादं ओव्हरड्राइव्ह, मग डिले, आणि प्रत्येक पेडलचा नेमका उपयोग सांगता आल्याशिवाय पुढचं नाही. एक सूचना मात्र: ट्यूब स्क्रीमर खर्ज कापून मधले स्वर पुढे आणतं. घरी एकट्याने वाजवताना ते पातळ वाटतं, बँडमध्ये बास आणि ड्रमसोबत नेमकं बसतं. असं पेडल खोलीत ऐकून नापसंत करू नये.

राहिला प्रश्न दुकानाचा. मुंबईत १८६५ मध्ये सुरू झालेल्या, धोबी तलावच्या फुर्टाडोजसारख्या ठिकाणी वस्तू हातात घेऊन पाहता येते, आणि ते करावंच. अ‍ॅम्प किंवा पेडल ऐकायला जाताना स्वतःची गिटार न्या, दुकानातली महाग गिटार वापरू नका. नाहीतर तुम्ही गिटारला भाळून पेडल घेऊन याल.

नव्यापेक्षा वापरलेल्या वस्तूकडे माझा कल जास्त आहे. दुकानाबाहेर पडताच पेडलची किंमत उतरते आणि मग बरीच वर्षं तिथेच राहते. वापरलेलं घेतलं आणि नाही पटलं तर जवळपास तेवढ्यालाच विकता येतं, म्हणजे थोड्या पैशांत अनेक गोष्टी अनुभवता येतात. फक्त पाहायचं काय ते ठाऊक हवं. गिटार असेल तर नेकवरून एका डोळ्याने नजर टाकून ती पिळवटलेली नाही ना ते पाहा. पहिल्या तीन-चार फ्रेटवर तारांनी खोल खड्डे पाडलेत का ते पाहा, कारण फ्रेट बदलणं हा मोठा खर्च आहे. ट्रस रॉडची किल्ली पाव फेरा तरी फिरते का ते मालकासमोरच तपासा. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा. नॉब फिरवताना खरखर आली तर घाबरू नका, ती स्प्रेने जाते. अ‍ॅम्प असेल तर बंद असताना स्पीकरचा कोन दोन्ही बाजूंनी बोटांनी हलकेच समान दाबून पाहा. घासल्याचा आवाज आला तर आतली कॉइल बिघडलेली आहे. मग अ‍ॅम्प चालू करून निदान अर्धा तास वाजवा, कारण काही दोष यंत्र तापल्यावरच दिसतात. किमतीचं बोलणं त्यानंतर.